अपघाताच्या वार्षिक दिवसाचे काय करावे?

चाकोरीबाहेर

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या १९ नोव्हेंबरला माझ्या अपघाताला पाच वर्षे पूर्ण होतील. मोटारसायकलवरून पडून टी-१२ या पातळीवर, म्हणजे पाठीच्या खालच्या भागातल्या मणक्यापाशी, मज्जारज्जूला इजा झाली आणि तेव्हापासून मी व्हीलचेअर वापरतो. नोकरी चालू आहे, हातांनी चालवायची मोटार आहे, मुलगी तिसरीत आहे. तेव्हा रडगाणे गाण्यासाठी हा धागा काढलेला नाही. प्रश्न निराळाच आहे.

हा दिवस जवळ आला की आमच्या घरात तीन पक्ष तयार होतात. आईचे म्हणणे असे की त्या दिवशी मी वाचलो, म्हणून सत्यनारायण घालावा आणि चार माणसांना जेवायला बोलवावे. पत्नीला त्या तारखेचा उल्लेखही नको असतो. ती त्या दिवशी मुद्दाम कामावर जाते आणि उशिरा परतते. माझे स्वतःचे म्हणाल तर दरवर्षी वेगळे. एका वर्षी मित्रांबरोबर बाहेर जेवायला गेलो, एका वर्षी दिवसभर कोणाशी धड बोललो नाही, आणि गेल्या वर्षी तो दिवस कधी आला आणि गेला हेच कळले नाही. नंतर लक्षात आले तेव्हा मात्र कोणाच्या तरी लग्नाला जायचे राहून गेल्यासारखे वाटत राहिले.

यंदा पाच वर्षांचे निमित्त असल्यामुळे आई ऐकायला तयार नाही. ज्यांच्या घरी असा दिवस आहे त्यांनी आपण काय करता ते सांगावे. 'सकारात्मक राहा' एवढेच लिहायचे असेल तर त्यासाठी या संकेतस्थळावर इतर धागे पुष्कळ आहेत.

तिरकस

सत्यनारायणाचा शिरा साजूक तुपातला असल्यास माझे मत आईंच्या बाजूने नोंदवून घ्यावे. डालड्यातला असल्यास मी तटस्थ आहे.

खडकीचा_फौजी

चाकोरीबाहेर, जय हिंद. मी पुण्याजवळच्या खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रात राहिलेला जवान आहे. हे केंद्र १९७४ साली सुरू झाले. मज्जारज्जूच्या इजेमुळे सेवेतून बाहेर पडावे लागलेले सैनिक तेथे राहतात, काम करतात, खेळतात. एकाच आवारात इतक्या जणांच्या तारखा असतात की प्रत्येकाची पाळायची ठरवली तर पंगती उठणारच नाहीत. त्यामुळे माझ्या वेळी तरी त्या कोणी पाळत नसे. नवीन आलेल्या मुलाला मात्र पहिल्या वर्षी त्या दिवशी एकटे सोडायचे नाही, असा अलिखित नियम आम्ही पाळत असू. कोणी विषय काढायचा नाही. कोणीतरी कॅरम घेऊन त्याच्या खाटेशी जायचे आणि झोपेपर्यंत खेळायचे.

आम्हाला मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण नेहमी सांगितले जाई. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक मिळवले. लोक त्यांचे नाव घेतात ते १९७२साठी. गोळी कोणत्या तारखेला लागली हे विचारले, तर त्यांचे चाहतेही एकमेकांकडे पाहतील. माणसाने आपली मोजणी कोठून सुरू करायची हे त्याचे त्याने ठरवावे, असे मला वाटते.

बाकी, आपण वाचलो याची वार्षिक नोंद हवीच असेल तर ती सरकार ठेवतेच. आम्हा निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेली कित्येक वर्षे मी जिवंत असल्याबद्दल माझ्या बँकेची पूर्ण खात्री आहे.

उत्साही_मन

माझ्या घरी असा प्रसंग नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. तो अपघाताचा दिवस न मानता दुसरा वाढदिवस मानावा, केक कापावा आणि सर्व वाईट आठवणी मागे टाकाव्यात.

तिरकस

धागाकर्त्यांनी ज्या 'इतर धाग्यांचा' उल्लेख केला आहे, त्यांचा दुवा मी उत्साही_मन यांना व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे.

रानमोगरा

मी चाकोरीबाहेर यांच्या पत्नीच्या जागी आहे, म्हणून तिच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे यजमानांना इजा झाली.

त्यांना अपघातानंतरचे पहिले काही दिवस आठवत नाहीत. गुंगीची औषधे होती, श्वासासाठी नळी होती. त्या दिवसाबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते सगळे आम्ही सांगितलेले आहे. मी मात्र तो दिवस पुरता जागेपणी काढला. आयसीयूबाहेरचा बाक मला आठवतो. संमतीपत्रावर सही करताना पेन उमटेना, तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी आपल्या रुग्णाच्या फायलीला खोचलेले पेन काढून दिले, ते आठवते. त्यांचा कात्रीने कापून काढलेला शर्ट आणि एकच चप्पल एका कापडदुकानाच्या पिशवीत घालून परिचारिकेने माझ्या हातात दिली. त्या दुकानाचा यात काय दोष? पण मी आजही तेथे खरेदीला जात नाही.

म्हणून मला विचारावेसे वाटते की हा दिवस नेमका कोणाचा असतो. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या आयुष्यात त्या इजेचा संबंध रोजच येतो. सकाळी कॅथेटर (लघवीची नळी), रात्री कूस बदलणे, प्रवासाला निघण्यापूर्वी शौचाचे वेळापत्रक. त्याला वर्षातून एकदा आठवण करून देण्याची गरज नसते. ती तारीख कॅलेंडरवर टोचते ती आम्हाला. आमच्याकडे आता असे ठरले आहे की त्या दिवशी मी माझ्या बहिणीकडे जाते आणि हे घरी मित्रांबरोबर पत्ते खेळतात. नातेवाइकांना सुरुवातीला हे फार विचित्र वाटले, परंतु आम्हा दोघांना बरे पडते.

चाकोरीबाहेर, तुमच्या आईंनी पूजा खुशाल घालावी. फक्त त्या दिवशी पुरणाचा घाट घालून सुनेला ओट्याशी उभे करू नये. आणि तुम्ही तिला त्या दिवसाबद्दल कधी विचारले आहे का?

नातवंडांची_आजी

रानमोगरा, तुमचे लिहिणे पटले. तरी आयांची बाजूही कोणी मांडायला हवी. माझ्या मुलीला महाविद्यालयात असताना इजा झाली. पहिल्या वर्षपूर्तीला मीही पूजा घातली होती, आणि ती केवळ देवासाठी नव्हती हे आता सांगायला हरकत नाही. इजेनंतर सुरुवातीला घर माणसांनी भरून जाते आणि मग हळूहळू कोणी येईनासे होते. प्रेम आटते म्हणून नव्हे. आल्यावर काय बोलावे हे त्यांना कळत नाही म्हणून. पूजेला बोलावले की तो प्रश्न उरत नाही. पाया पडायचे, तीर्थ घ्यायचे, प्रसादाला नावे ठेवायची आणि जाता जाता मुलीशी दोन शब्द बोलायचे. माझ्या भावाची मुले त्या पूजेच्या दिवशी प्रथम तिच्याशी पूर्वीसारखी भांडली.

पुढे मुलीनेच सांगितले की कथा चालू असताना साधुवाण्यावर संकट आले की सगळे माझ्याकडे पाहतात. तेव्हापासून पूजा चैत्रात घालते. माणसे तीच येतात, प्रसाद तोच असतो, आणि तारखेचा संबंध राहिलेला नाही. आईंना हा पर्याय सुचवून पाहावा. आम्हाला पूजा हवी असते, मुहूर्ताबद्दल आम्ही तडजोड करतो.

हापूसवाला

मी रत्नागिरीकडचा. आमच्या भागात मज्जारज्जूची इजा म्हटली की पहिला प्रश्न 'आंब्यावरून की माडावरून' असा असतो. मी आंब्यावरून. अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर पेट्या भरण्याची घाई असताना फांदी मोडली.

पाळण्याविषयी म्हणाल तर मी पाळत नाही, कारण तो दिवस ऐन हंगामात येतो आणि त्या वेळी घरातल्या कोणालाही रडायला किंवा हसायला सवड नसते. पाऊस लागल्यावर निवांत बसून विचार करू, असे दरवर्षी ठरते. मग लावणी येते.

पाचवा_थर

ज्यांना तारीख विसरता येते त्यांचा मला हेवा वाटतो. मी दहीहंडीत पडलो, मानेत सी-७ला इजा. माझा दिवस तारखेने येत नाही, तिथीने येतो आणि ध्वनिवर्धक लावून येतो. गोपाळकाल्याच्या दिवशी सकाळपासून आमच्या गल्लीतून ट्रक जातात. पहिल्या वर्षी आईने खिडक्या बंद करून दूरदर्शनसंच मोठ्याने लावला. त्यावरही हंड्यांचेच थेट प्रक्षेपण चालू होते. दुसऱ्या वर्षी मला मावशीकडे नेले. तेथे तिच्याच इमारतीत हंडी होती. ती तीन थरांची होती, पण आवाज तेवढाच होता.

आता मी वेगळे करतो. गुरुपौर्णिमेपासून मंडळाचा सराव सुरू होतो, तेव्हा मी तेथे जाऊन बसतो. हेल्मेट आणि वरच्या थराला दोर लावल्याशिवाय सराव होऊ देत नाही, आणि चौदा वर्षांखालील मुलाला चढवायचे नाही हा नियम तर आहेच. सर्वांत जास्त वेळ घेतो तो पडलेल्या माणसाला कसे उचलावे हे शिकवायला. मला चौघांनी प्रेमाने हातपाय धरून उचलले आणि टेम्पोत ठेवले. मान लोंबकळत होती. त्यांपैकी कोणाला काही ठाऊक नव्हते, त्यांना दोष देत नाही. पडलेल्याला पाय हलवता येत नसतील किंवा मान दुखत असेल तर त्याला जागचे हलवायचे नाही, एकाने दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत धरून ठेवायचे, आणि उचलायचेच झाले तर फळीवर, सर्वांनी एकाच वेळी, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून. हे मी दरवर्षी पोरांकडून करून घेतो. एकाला जमिनीवर झोपवतो आणि बाकीच्यांकडून फळीवर घेववतो. पहिल्या खेपेला ते नेहमी त्याचे डोके विसरतात.

प्रत्यक्ष हंडीच्या दिवशी मी जात नाही. त्या दिवशी दुपारी झोपतो.

एल्सबरीकर

मी इंग्लंडमध्ये एल्सबरीजवळ राहते आणि मलाही कमरेतली, एल-१ची इजा आहे. स्टोक मँडेव्हिलचे रुग्णालय आमच्या गावाला लागूनच आहे. तेथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या विभागाची सूत्रे हाती घेतली. तोपर्यंत अशी इजा झालेला माणूस बहुधा फार काळ जगत नसे. बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनीच तो जाई. दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची स्वच्छता आणि शरीराला काम देणे, एवढ्यावर त्यांनी माणसे जगवून दाखवली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकची सुरुवात तेथून मोजतात. फौजीकाकांच्या मुद्द्याला हा माझा दुजोरा.

येथे काही जण त्या दिवशी केक आणतात, काही जण पबमध्ये जातात. अमेरिकेत जखमी सैनिक आपला 'अलाइव्ह डे', म्हणजे मरता मरता वाचल्याचा दिवस, पाळतात. मला यांपैकी काहीच जमले नाही. मी त्या आठवड्यात मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करून घेते. मूत्राशय नीट रिकामे झाले नाही तर लघवी मागे मूत्रपिंडांकडे दाब देते आणि ते बिघडत असताना दुखत नाही, कारण आपल्याला तेथली संवेदनाच कमी असते. म्हणून वर्षातून एकदा पाहावे लागते. तारीख लक्षात राहतेच. तिला काहीतरी काम लावलेले बरे.

फिजिओ_सोलापूर

एल्सबरीकर यांची सवय मी माझ्या रुग्णांना जरूर सांगेन. त्या यादीत खांद्यांची भर घालावी. वर्षानुवर्षे व्हीलचेअर ढकलून आणि हातांवर शरीर उचलून खांदे झिजतात, आणि खांदा गेला की पलंगावरून खुर्चीत जाणेही अवघड होते. त्याच दिवशी खुर्चीवरची उशीही तपासावी. हवेची असल्यास हवा, जेलची असल्यास एका जागी बसलेला जेल. माझ्याकडे बेडसोर घेऊन येणाऱ्या कित्येकांची उशी अपघातानंतर घेतलेली पहिलीच असते.

चाकांवरची

येथे केकची फारच चेष्टा चालली आहे, म्हणून मी उघडपणे सांगते की मी दरवर्षी केक कापते. माझी इजा फार जुनी आहे. मात्र माझा दिवस अपघाताचा नाही. मी एकटीने, सोबत कोणी न घेता, घराबाहेर पडले तो माझा दिवस. मी रिक्षाने बाजारात गेले, रिक्षावाल्याने खुर्ची मागे बांधली, मी मेथीची जुडी घेतली आणि परत आले. भाव दुप्पट लावला होता, हे नंतर आईने सांगितले.

हे बळ मला कोल्हापुरात मिळाले. नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअरवर असताना त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. इजेनंतर मी प्रथमच अशा बायका पाहिल्या की ज्या खुर्चीत बसून हिशेब लिहीत होत्या, ओरडत होत्या आणि एकमेकींच्या साड्यांवर टीका करत होत्या. अपघाताच्या दिवसाने मला काही दिले नाही. मग त्याच्यासाठी मी केकचे पैसे का घालवावेत?

रानमोगरा

चाकांवरची, तुमचा मेथीचा दिवस फार आवडला. तरी एक शंका आहे. आपण दुसरा दिवस निवडला म्हणून पहिला यायचा थांबतो का? यजमानांनी रुग्णालयातून घरी आलो तो दिवस साजरा करायचे ठरवले होते. त्या दिवशी सगळे छान झाले, आणि अपघाताच्या तारखेला मी नेहमीप्रमाणे पहाटे जागी झाले. मला वाटते, दुसरा दिवस असावा. पण तो पहिल्याच्या जागी बसत नाही, त्याच्या शेजारी बसतो.

चाकांवरची

हे मान्य आहे. माझ्या आईलाही विचारायला हवे होते, असे आता वाटते. केक तिने कधी चाखला नाही. तिला अंडे चालत नाही असे मी समजत होते.

तिरकस

माहितीसाठी: ५ सप्टेंबर हा जागतिक मज्जारज्जू इजा दिन म्हणून २०१६ पासून पाळला जातो. ज्यांना वैयक्तिक दिवस नको आहे त्यांनी हा सार्वजनिक दिवस घ्यावा. आपल्याकडे त्या दिवशी शिक्षकदिन असल्यामुळे कोणाच्याही लक्षात येणार नाही, ही त्याची सर्वांत मोठी सोय आहे.

वकीलकाका

थोडे विषयांतर, परंतु तारखेशीच संबंधित. नव्याने इजा झालेले कोणी वाचत असतील तर त्यांनी लक्षात ठेवावे की मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने, अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नुकसानभरपाईचा दावा दाखल करण्याची तरतूद केली आहे आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मुदत उलटून गेली असेल तरी स्वतःच निकाल लावून घरी बसू नये, वकिलाला विचारावे. पुष्कळ कुटुंबे रुग्णालयाच्या धावपळीत वर्षश्राद्धाप्रमाणे वर्ष काढतात आणि मग आमच्याकडे येतात.

आवाजी_टंकलेखन

मी आजवर येथे केवळ वाचत होतो. माझी इजा मानेतली, सी-६ आहे. बोलून लिहितो आणि मग बहीण शुद्धलेखन तपासते, त्यामुळे प्रतिसादाला उशीर होतो.

माझे पहिले वर्ष पुढच्या महिन्यात पूर्ण होते. शस्त्रक्रिया झाल्यानंतर डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते की जे काही परत यायचे आहे ते साधारण वर्षभरात येईल. त्यांनी चांगल्या हेतूनेच सांगितले असणार. परंतु माझ्या वडिलांनी ते वाक्य मुदत म्हणून धरले. ते रोज रात्री जेवणानंतर माझ्या खाटेवर बसतात, माझी बोटे एकेक करून सरळ ताणतात आणि 'आता दाब' म्हणतात. मनगट वर उचलता येते; बोटे दाबत नाहीत. ते 'उद्या बघू' म्हणून दिवा मालवतात.

दिवस पाळावा की साजरा करावा हा प्रश्न माझ्यापुढे नाही. त्या तारखेनंतर रात्री जेवण झाल्यावर वडील काय करतील, हा प्रश्न आहे.

फिजिओ_सोलापूर

आवाजी_टंकलेखन, तुमचा प्रतिसाद वाचून मी दवाखान्याची वेळ संपल्यावर पुन्हा बसून लिहीत आहे.

खोटी आशा दाखवणार नाही. मज्जातंतूंची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि मग मंदावते. वर्षानंतर मोठे बदल क्वचितच दिसतात, लहान बदल काही जणांत पुढेही दिसत राहतात. इजा पूर्ण आहे की अपूर्ण, यावर बरेच अवलंबून असते. परंतु ३६५व्या दिवशी कोणतेही दार बंद होत नाही. डॉक्टर सांगतात तो सरासरीचा अंदाज असतो. शिवाय, जे स्नायू शिल्लक आहेत त्यांच्याकडून काय काय करून घेता येते, याला वर्षाची मर्यादा मुळीच नाही. ते पुढे कित्येक वर्षे वाढते.

आता एक महत्त्वाची गोष्ट वडिलांना आजच वाचून दाखवावी. सी-६मध्ये मनगट वर उचलले की बोटे आपोआप थोडी मिटतात आणि मनगट खाली सोडले की उघडतात. याला टेनोडेसिसची पकड म्हणतात. बोटांचे स्नायूबंध थोडे आखूड राहिले तरच ती पकड मिळते. मनगट वर असताना बोटे सरळ ताणत राहिले तर ते सैल पडतात आणि पकड जाते. म्हणून त्या पद्धतीने ताणणे थांबवावे. बोटे सरळ करायचीच झाली तर मनगट खाली झुकवून करावीत, आणि मनगट वर करताना बोटे मिटू द्यावीत. तुमच्या फिजिओंना एकदा हे दाखवून घ्यावे. वडिलांना रात्रीचे काम हवेच आहे, तर त्यांनी तुमच्या हातात हलका प्लॅस्टिकचा पेला द्यावा. आधी रिकामा, मग थोडे पाणी घालून.

पाचवा_थर

आवाजी_टंकलेखन, माझ्या पहिल्या वर्षपूर्तीच्या दुसऱ्या दिवशी काय झाले ते सांगतो. काहीही झाले नाही. कॅथेटरची वेळ तीच होती, आई तेवढीच ओरडली आणि क्रिकेटमध्ये आपण हरलो. मला त्या 'काहीही नाही'चे फार बरे वाटले होते. वडिलांना दोन दिवस जड गेले. मग त्यांनी स्वतःहून उतारासाठी फळ्या आणल्या, ज्या आणायला ते वर्षभर तयार नव्हते, कारण त्या आणणे म्हणजे हार मानणे असे त्यांना वाटत होते.

खडकीचा_फौजी

आवाजी_टंकलेखन, तारीख मला व्यक्तिगत निरोपातून कळवावी. कॅरम पाठवता येत नाही, परंतु संगणकावर बुद्धिबळ खेळता येते आणि चाली बोलून सांगता येतात. मी वाईट खेळतो, तेव्हा तुमच्या बहिणीनेही बसायला हरकत नाही.

आवाजी_टंकलेखन

फौजीकाका, निरोप पाठवला आहे. फिजिओ यांचा प्रतिसाद वडिलांनी स्वतः वाचला, दोनदा. काल पेला दिला. पडला. आज पुन्हा दिला आणि मी तो तोंडापर्यंत नेला. त्यात पाणी नव्हते, तरी वडिलांनी 'पी, पी' म्हटले.

चाकोरीबाहेर

इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सर्वांचे आभार.

रानमोगरा यांनी विचारले होते की मी पत्नीला त्या दिवसाबद्दल कधी विचारले आहे का. नव्हते विचारले. परवा विचारले. तिने जे सांगितले ते तिचे आहे, म्हणून येथे लिहीत नाही; एवढेच सांगतो की मला वाटत होते त्यापेक्षा तो दिवस बराच मोठा होता आणि त्यातला थोडाच भाग माझ्याबद्दल होता. त्या दिवशी ती कामावर का जाते हेही कळले. अपघाताचा फोन आला तेव्हा ती रजेवर, घरी होती.

आता असे ठरले आहे. पूजा मार्गशीर्षात होईल. आजींनी सुचवल्याप्रमाणे आईने मुहूर्तावर तडजोड केली, मात्र पाहुण्यांच्या संख्येवर केली नाही. स्वयंपाक बाहेरून येईल. १९ तारखेला सकाळी मी सोनोग्राफीची वेळ घेतली आहे आणि उशीही बदलणार आहे. पत्नी कामावर जाईल. संध्याकाळी ती थेट कार्यालयातून येईल आणि आम्ही तिघे तिला हव्या त्या ठिकाणी जेवायला जाऊ, कारण विचारायचे नाही, या अटीवर. मुलीने त्यात आइस्क्रीमची उपसूचना मांडून मंजूर करून घेतली.

आता खरी अडचण सांगतो. तिने निवडलेल्या उपाहारगृहाला पायऱ्या नाहीत, परंतु स्वच्छतागृहाच्या दाराबद्दल फोनवर विचारले तर 'आरामात जाईल साहेब' एवढेच उत्तर मिळते. नाशिकमध्ये कोणाला अशी जागा ठाऊक आहे का?

चाकांवरची

'आरामात जाईल' यावर कधीही विश्वास ठेवू नये. ते खुर्चीबद्दल बोलत नसून तुमच्याबद्दल बोलत असतात. त्यांना टेप लावून दाराची मोकळी रुंदी मोजायला सांगावे, चौकटीची नव्हे. नियमाप्रमाणे ९० सेंटीमीटर असायला हवी. माझी खुर्ची ७५मध्ये बोटे सोलून निघते. दार आत उघडते की बाहेर हेही विचारावे. आत उघडणारे असेल तर आपण आत गेल्यावर ते लागत नाही.

तिरकस

मी नाशिकचाच आहे. उपाहारगृहाचे नाव व्यक्तिगत निरोपातून कळवावे, शनिवारी टेप घेऊन जाऊन मोजून येतो. शिरा मिळतो का तेही पाहीन.